अमेरिकेचे संविधान १९३७ साली हरवले का?

प्रश्न असा आहे : अमेरिकेतील लिबर्टेरियन मंडळी, म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्य आणि मर्यादित सरकार यांचे पुरस्कर्ते, वारंवार म्हणतात की १९३७ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने मूळ संविधान सोडून दिले आणि तेव्हापासून केंद्र सरकारवर खरी मर्यादा उरली नाही. हे कितपत खरे आहे? आणि ज्या मूळ संविधानाचा ते इतका गौरव करतात, त्यानेच गुलामगिरीला आसरा दिला होता, याचा मेळ ते कसा घालतात?

तुलनात्मक संविधान-कायदा बरीच वर्षे शिकवत असल्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे अनेकदा आला आहे. माझे उत्तर आधी सांगतो आणि मग कारणे देतो. १९३७ साली काहीतरी मोठे बदलले, हे लिबर्टेरियनांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु त्यांच्याच तत्त्वांच्या कसोटीवर पाहिले तर खरी पडझड १९३७ ची नसून १८७३ ची आहे, आणि जे लिबर्टेरियन अभ्यासक आपली मांडणी १७८७ च्या मूळ संविधानाऐवजी १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीपासून सुरू करतात त्यांची बाजू इतरांपेक्षा पुष्कळ भक्कम आहे.

त्यांचा मूळ मुद्दा पुराव्याच्या ओझ्याचा आहे. सरकारला एखादी गोष्ट करायची असेल तर तसा अधिकार संविधानात कुठे लिहिला आहे हे सरकारने दाखवले पाहिजे; नागरिकाला एखादी गोष्ट करायची असेल तर तशी परवानगी कुठे लिहिली आहे हे दाखवण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. अमेरिकी संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमात काँग्रेसच्या, म्हणजे केंद्रीय विधिमंडळाच्या, अधिकारांची यादी आहे, आणि केंद्राचे अधिकार ‘थोडे आणि निश्चित’ राहतील, असे आश्वासन संविधानाचे एक शिल्पकार मॅडिसन यांनी संविधान मंजुरीच्या वेळी दिले होते. त्यांचे सहकारी हॅमिल्टन यांचा तर हक्कांची यादी जोडण्यालाच विरोध होता, कारण सरकारला न दिलेल्या अधिकारांवर मर्यादा लिहिल्या की ते अधिकार सरकारकडे आहेतच असा दावा करायला उद्या निमित्त मिळेल, असे ते म्हणत. अशा भीतींवर उतारा म्हणून १७९१ साली नववी घटनादुरुस्ती आली : काही हक्क नमूद केले म्हणून लोकांकडे असलेले इतर हक्क नाकारले गेले असे समजू नये. लिबर्टेरियन विचारात या एका वाक्याला जेवढे वजन आहे तेवढे न्यायालयांनी त्याला क्वचितच दिले.

आता १९३७ कडे येऊ. वॉशिंग्टन राज्यातील वेनॅची गावच्या एका हॉटेलात एल्सी पॅरिश खोल्या साफ करण्याचे काम करत. राज्याच्या कायद्याने ठरवलेले किमान वेतन ४८ तासांच्या आठवड्याला १४.५० डॉलर होते, आणि उरलेली रक्कम मिळावी म्हणून त्यांनी दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि स्त्रियांसाठीचे किमान वेतन रद्द करणारा १९२३ चा आपलाच निकाल फिरवला. दोनच आठवड्यांनी कामगार संघटनांविषयीच्या केंद्रीय कायद्यालाही मान्यता मिळाली. १९३८ साली भेसळीच्या दुधासंबंधीच्या एका खटल्यात न्यायालयाने सांगितले की आर्थिक स्वरूपाचा कायदा वैध आहे असेच गृहीत धरले जाईल. त्याच निकालाच्या चौथ्या तळटीपेत मात्र असे सुचवले की संविधानात स्पष्ट नमूद केलेल्या हक्कांना, लोकशाहीच्या प्रक्रियेत अडथळा आणणाऱ्या कायद्यांना आणि अल्पसंख्याकांवर अन्याय करणाऱ्या कायद्यांना अधिक कडक तपासणी लागू पडू शकेल. भाषणाचे स्वातंत्र्य वरच्या पंगतीत आणि उपजीविकेचे स्वातंत्र्य खालच्या पंगतीत बसले ते इथे.

हा बदल किती दूर गेला ते १९४२ च्या विकार्ड विरुद्ध फिलबर्न या निकालात दिसते, आणि मी हा निकाल नेहमी सावकाश शिकवतो. रॉस्को फिलबर्न ओहायो राज्यातील शेतकरी. गव्हाचे भाव टिकवण्यासाठी केलेल्या १९३८ च्या कायद्यानुसार त्यांना ११.१ एकरांत गहू पेरण्याची मुभा होती. त्यांनी २३ एकरांत पेरला. जादा निघालेल्या २३९ बुशेल (धान्याचे एक माप) गव्हावर ११७.११ डॉलर दंड झाला. फिलबर्न यांचे म्हणणे असे की हा गहू बराचसा घरी खाण्यासाठी, गुरांसाठी आणि बियाण्यासाठी आहे, मग राज्याराज्यांमधील व्यापाराचे नियमन करण्याच्या काँग्रेसच्या अधिकाराशी त्याचा संबंध काय? न्यायमूर्ती जॅक्सन यांनी एकमताच्या निकालात उत्तर दिले की घरचा गहू खाणारा शेतकरी बाजारातून गहू विकत घेत नाही, आणि असे अनेक शेतकरी एकत्र धरले तर देशाच्या बाजारावर परिणाम होतोच. कापूस एकाधिकार खरेदीचे दिवस पाहिलेल्या विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांना फिलबर्नची तक्रार समजावून सांगावी लागणार नाही. पण आपल्याकडे वाद विक्रीचा होता; तिथे तर गहू स्वतःच्या गोठ्यात गेला तरी तो आंतरराज्य व्यापारच ठरला. या तर्काला शेवट कुठे, असे लिबर्टेरियन विचारतात, आणि प्रामाणिक उत्तर असे की पुढची पन्नासहून अधिक वर्षे त्याला जवळपास शेवट नव्हताच. १९९५ साली शाळेच्या परिसरात बंदूक बाळगण्याविषयीचा केंद्रीय कायदा लोपेझ खटल्यात रद्द झाला, तेव्हा कुठे न्यायालयाने या बाबतीत पुन्हा एक रेघ ओढली.

एक प्रचलित कथा मात्र इथे दुरुस्त करायला हवी. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी न्यायालयात सहापर्यंत जादा न्यायाधीश भरण्याची धमकी दिली, घाबरून न्यायमूर्ती ओवेन रॉबर्ट्स यांनी बाजू बदलली आणि संविधान पडले, असे ती कथा सांगते. रूझवेल्ट यांची योजना ५ फेब्रुवारी १९३७ रोजी जाहीर झाली; पॅरिश खटल्यातील न्यायाधीशांचे अंतर्गत मतदान डिसेंबर १९३६ मध्येच झाले होते. न्यायमूर्ती स्टोन आजारी असल्यामुळे निकाल मार्चपर्यंत लांबला, एवढेच. नोव्हेंबर १९३६ च्या निवडणुकीतील रूझवेल्ट यांच्या प्रचंड विजयाचा परिणाम झाला असेल, पण तो धमकीपेक्षा वेगळा विषय आहे.

इथपर्यंत लिबर्टेरियन कथन बऱ्याच अंशी टिकते. अडचण त्याच्या पूर्वार्धात आहे. १९३७ पूर्वी जणू एक सुवर्णकाळ होता, असा जो सूर लोकप्रिय लिखाणात लागतो, तो मला पटत नाही. १७८७ च्या संविधानाने प्रतिनिधित्वासाठी गुलामांची गणना तीनपंचमांश धरली, गुलामांच्या आयातीवर १८०८ पर्यंत बंदी घालण्यास काँग्रेसला मनाई केली, आणि पळून गेलेला गुलाम परत देण्याचे बंधन घातले. १८५० चा पळपुट्या गुलामांविषयीचा कायदा वाचला की ‘मर्यादित केंद्र सरकार’ या कल्पनेचा दुसरा चेहरा दिसतो. पकडलेल्या माणसाला ज्यूरी नाही, स्वतःची साक्ष देण्याची सोय नाही, आणि प्रकरण ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला माणूस मालकाच्या हवाली केला तर दहा डॉलर, सोडून दिला तर पाच डॉलर शुल्क. याच कायद्याला विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले, आणि १८५९ साली केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने ते मोडून काढले. म्हणजे ‘राज्यांचे हक्क’ ही घोषणा दक्षिणेची मिरास नव्हती. स्वातंत्र्याच्या बाजूनेही ती वापरली गेली, आणि तेव्हा दक्षिणेनेच तिला विरोध केला. दक्षिणेच्या फुटीरतेचे समर्थन करणाऱ्या काही लिबर्टेरियन लेखकांना हा प्रसंग सोयीचा नाही, म्हणून ते तो टाळतात.

गुलामगिरीविरोधी चळवळीतच या प्रश्नावर फूट होती. विल्यम लॉइड गॅरिसन यांनी हे संविधान पापाचा करार आहे असे मानून १८५४ साली त्याची प्रत जाहीरपणे जाळली. मॅसॅच्युसेट्सचे वकील लायसँडर स्पूनर यांनी उलट मांडले : संविधानात ‘गुलाम’ हा शब्द कुठेही नाही, आणि जो अन्याय कायद्याने स्पष्ट शब्दांत मंजूर केलेला नाही तो मंजूर आहे असे न्यायालयाने समजू नये. फ्रेडरिक डग्लस आधी गॅरिसन यांच्याबरोबर होते; १८५१ साली ते दुसऱ्या बाजूला गेले. हेच स्पूनर यादवी युद्धानंतर म्हणू लागले की ज्यांनी सही केली नाही त्यांच्यावर संविधान मुळात बंधनकारकच नाही. आजच्या लिबर्टेरियनांचे दोन पंथ, संविधानाच्या आधारे स्वातंत्र्य मागणारा आणि राज्यसंस्थाच नाकारणारा, एकाच माणसाच्या कागदपत्रांतून आपापला वारसा काढतात. दुसऱ्या पंथाचे विसाव्या शतकातील मोठे नाव मरी रॉथबार्ड. त्यांच्या दृष्टीने मुळात १७८७ हीच केंद्रीकरणवाद्यांची सरशी होती.

यादवी युद्धानंतर १८६८ साली चौदावी घटनादुरुस्ती झाली, आणि माझ्या मते अमेरिकी स्वातंत्र्याचे दुसरे व अधिक प्रामाणिक संविधान ते हे. तोवर हक्कांची यादी फक्त केंद्र सरकारला बांधत होती. आता राज्यांनाही सांगितले गेले की नागरिकांचे विशेषाधिकार आणि संरक्षणे कमी करणारा कायदा करता येणार नाही, योग्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय कोणाचे जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावता येणार नाही, आणि कायद्याचे समान संरक्षण नाकारता येणार नाही. दक्षिणेतील राज्यांनी युद्ध संपताच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना बांधून ठेवणारे कायदे केले होते. काम सोडता येत नाही, अमुक धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, शस्त्र बाळगता येत नाही, भटकताना दिसलात तर सक्तीची मजुरी. म्हणजे ज्यांच्यासाठी ही दुरुस्ती प्रथम झाली त्यांच्या लेखी धंद्याचे स्वातंत्र्य आणि नागरी स्वातंत्र्य या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

पाचच वर्षांनी, १४ एप्रिल १८७३ रोजी, स्लॉटर-हाउस खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्तीतील विशेषाधिकारांचे कलम जवळजवळ निकामी केले. लुइझियाना राज्याने १८६९ साली न्यू ऑर्लीन्स परिसरातील कत्तलीचा मक्ता एका कंपनीला २५ वर्षांसाठी दिला होता. बाकीच्या खाटकांनी त्या कंपनीच्या जागेत, शुल्क भरूनच काम करायचे. न्यायमूर्ती मिलर यांनी पाच विरुद्ध चार अशा बहुमताने म्हटले की हे कलम फक्त केंद्रीय नागरिकत्वाच्या मोजक्या हक्कांचे रक्षण करते. उपजीविकेसारखे हक्क राज्यांच्या हवाली. न्यायमूर्ती फील्ड आणि ब्रॅडली यांची भिन्नमते लिबर्टेरियन साहित्यात जवळजवळ आद्यग्रंथासारखी मानली जातात. मात्र खटल्याचे चित्र वाटते तितके स्वच्छ नाही. कत्तलीची घाण शहराच्या वरच्या बाजूला मिसिसिपी नदीत पडत होती, कॉलऱ्याची भीती खरी होती, आणि मिलर हे वकिलीपूर्वी डॉक्टर होते. खाटकांचे वकील जॉन कॅम्बेल हे तर सर्वोच्च न्यायालयाची जागा सोडून दक्षिणेच्या बाजूला गेलेले गृहस्थ, आणि ज्या विधिमंडळाविरुद्ध ते लढत होते त्यात कृष्णवर्णीय सदस्य बसत होते.

तरीही निकालाचा परिणाम खाटकांपुरता राहिला नाही. निकालाच्या आदल्या दिवशी, १३ एप्रिल १८७३ रोजी, त्याच लुइझियानात कोलफॅक्स येथे सशस्त्र गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांचे हत्याकांड केले. दोषी ठरलेल्या मोजक्या लोकांची शिक्षा १८७६ च्या क्रुइकशँक निकालाने रद्द झाली. सभा भरवण्याचा आणि शस्त्र बाळगण्याचा हक्क केवळ केंद्राविरुद्ध आहे आणि चौदावी दुरुस्ती खाजगी व्यक्तींना बांधत नाही, असे न्यायालय म्हणाले. ज्या कलमाने या माणसांना वाचवायचे ते तीन वर्षांपूर्वी कत्तलखान्याच्या खटल्यात गेले होते. २०१० साली शिकागोच्या बंदूकबंदीविरुद्धच्या खटल्यात न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी स्वतंत्र मत लिहिले, त्यात हा सारा इतिहास तपशिलाने आहे. १९३७ चे गाऱ्हाणे मांडणाऱ्यांनी ते आधी वाचावे.

लॉक्नर या निकालाविषयी लिहिल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही. न्यूयॉर्क राज्याने बेकरीतील कामगारांचे तास दिवसाला १० आणि आठवड्याला ६० असे मर्यादित केले. १९०५ साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा कराराच्या स्वातंत्र्याविरुद्ध म्हणून रद्द केला. चौदाव्या दुरुस्तीने हर्बर्ट स्पेन्सर (सरकारी हस्तक्षेपाला विरोध करणारे इंग्रज विचारवंत) यांचे तत्त्वज्ञान अमलात आणलेले नाही, हा न्यायमूर्ती होम्स यांचा टोला सगळ्यांना पाठ असतो. पण त्याच विचारधारेचे दुसरे निकाल क्वचित कोणी सांगते. १९१७ साली लुइव्हिल शहराचा वंशानुसार वस्त्या वेगळ्या ठेवणारा ठराव न्यायालयाने एकमताने रद्द केला, आणि तो प्रामुख्याने मालमत्ता विकण्या-घेण्याच्या हक्काच्या आधारावर. १९२३ मध्ये नेब्रास्कात मुलांना जर्मन शिकवण्यावरची बंदी गेली, आणि १९२५ मध्ये प्रत्येक मुलाने सरकारी शाळेतच जावे हा ऑरेगॉनचा कायदा गेला. हे दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती मॅकरेनॉल्ड्स हे व्यक्ती म्हणून ज्यूद्वेष्टे होते, आणि सक्तीच्या नसबंदीला १९२७ साली मान्यता देणारा निकाल पुरोगाम्यांच्या आवडत्या होम्स यांनी लिहिला. त्यात एकटे असहमत होते ते सनातनी समजले जाणारे न्यायमूर्ती बटलर. इतिहासातली पात्रे आपापल्या गटात नीट बसत नाहीत.

म्हणून तो काळ मुक्ततेचा होता असे कोणी म्हणू लागले तर १८९६ चा प्लेसी निकाल आठवावा, ज्यात रेल्वेच्या डब्यांत वंशभेद पाळण्याची राज्याची सक्ती वैध ठरली. किंवा १९१९ साली युद्धविरोधी भाषणासाठी युजीन डेब्स यांना झालेली दहा वर्षांची शिक्षा न्यायालयाने एकमताने कायम ठेवली ते आठवावे. त्या काळात बहुतेक आर्थिक नियंत्रणेही न्यायालयात टिकत होती. रद्द झालेल्यांची चर्चा मात्र जास्त झाली.

गुलामगिरीच्या प्रश्नाचे पुढचे टोक १९६४ चा नागरी हक्क कायदा. हॉटेल आणि खाणावळींना वंशभेद करण्यास मनाई करण्याचा अधिकार न्यायालयाने काँग्रेसला दिला तो आंतरराज्य व्यापाराच्या कलमाखाली, म्हणजे फिलबर्नच्या गव्हावर उभ्या असलेल्या तर्काने. सेनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी आधीच्या नागरी हक्क कायद्यांना पाठिंबा दिला होता, पण या कायद्याविरुद्ध मत दिले, कारण खाजगी धंद्याला आदेश देण्याचा हा अधिकार केंद्राला नाही असे त्यांचे म्हणणे होते. लिबर्टेरियन आजही यावर एकमताचे नाहीत. वंशभेद राज्यांच्या कायद्याने लादलेला होता हा त्यांचा मुद्दा खरा आहे. प्लेसी प्रकरणात रेल्वे कंपनीलाच जादा डब्यांचा खर्च नको होता. पण केवळ कायदे रद्द करून बाजारावर सोडले असते तर प्रश्न सुटला असता, हे मला मान्य नाही, कारण त्या कायद्यांमागे पोलिसांनी डोळेझाक केलेली खाजगी हिंसाही उभी होती, आणि स्वातंत्र्यवादी सिद्धान्तात हिंसेपासून संरक्षण देणे हे तर राज्याचे पहिले काम आहे. चौदाव्या दुरुस्तीने राज्याला ‘समान संरक्षण’ देण्यास सांगितले ते त्यासाठीच. १८७३ चा निकाल वेगळा लागला असता तर १९६४ साली गव्हाचा आधार घ्यावा लागला नसता, असे जे काही अभ्यासक म्हणतात ते मला पटते.

आजचे सर्वांत फलदायी लिबर्टेरियन काम या चौदाव्या दुरुस्तीच्या वाटेवर चालले आहे, आणि ते बहुतांशी छोट्या माणसांच्या खटल्यांत आहे. १९९१ साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस या संस्थेने लुइझियानातील सेंट जोसेफ मठाच्या भिक्षूंची बाजू लढवली. ते लाकडी शवपेट्या बनवून विकत. राज्याचा नियम असा की अंत्यविधी व्यावसायिकाच्या परवान्याशिवाय शवपेटी विकता येणार नाही, जरी त्या राज्यात दफनासाठी पेटी असावीच असा नियम नव्हता. २०१३ साली पाचव्या केंद्रीय अपील न्यायालयाने भिक्षूंच्या बाजूने निकाल दिला. तशाच नियमाला २००४ साली दहाव्या अपील न्यायालयाने मात्र उचलून धरले होते. स्थानिक धंद्यांना सवलती वाटणे हा राज्य सरकारांचा आवडता छंदच आहे, आणि तो घटनाबाह्य नाही, असे त्या न्यायाधीशांनी जवळजवळ मिश्किलपणे लिहिले. २००५ च्या केलो निकालात तर कनेक्टिकटमधील राहती घरे खाजगी विकासाच्या योजनेसाठी संपादन करणे हे ‘सार्वजनिक उपयोगा’त बसते असे पाच विरुद्ध चार मतांनी ठरले. तिथे घरमालकांच्या बाजूने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी ही जुनी संघटनाही उभी होती, कारण शहरविकासाच्या नावाखाली आधी कोणाच्या वस्त्या गेल्या हे तिला ठाऊक होते.

या वादाची सावली आपल्या संविधानावरही पडली आहे. संविधान सभेचे घटनात्मक सल्लागार बी. एन. राव १९४७ साली अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले, आणि ‘ड्यू प्रोसेस’च्या (वर आलेल्या ‘योग्य कायदेशीर प्रक्रिये’च्या) आधारे न्यायाधीशांनी कायदे रद्द करणे लोकशाहीला मारक ठरते, असा सल्ला घेऊन आले. मसुद्यातून ते शब्द गेले आणि अनुच्छेद २१ मध्ये ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ आली. १३ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी दोन्ही बाजूंचे धोके मांडले आणि कोणताही मार्ग निःशंकपणे उचलून धरला नाही. लॉक्नरची भीती दिल्लीपर्यंत पोचली होती. कोलफॅक्सची आणि क्रुइकशँकची आठवण मात्र त्या सल्ल्यात नव्हती. पुढे प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या खटल्यांत आणि आणीबाणीत त्या शब्दांची किंमत आपण मोजली, आणि १९७८ च्या मनेका गांधी निकालापासून संविधान सभेने सोडलेला अर्थ न्यायालयाने हळूहळू परत आणला.

तुम्हाला मूळ निकाल वाचायचे असतील तर स्लॉटर-हाउसमधील फील्ड यांचे भिन्नमत, मग क्रुइकशँक, मग १९१७ चा बुकॅनन विरुद्ध वॉर्ली, आणि त्यानंतर फिलबर्न हा क्रम मी सुचवीन. शेवटी २००५ चा गोन्झालेस विरुद्ध रेच घ्यावा, ज्यात कॅलिफोर्नियाच्या कायद्याने परवानगी दिलेला, औषधासाठी घरी वाढवलेला गांजा फिलबर्नच्याच तर्काने केंद्राच्या कक्षेत गेला. तिथे मूळ अर्थाचे पुरस्कर्ते न्यायमूर्ती स्कॅलिया सहा जणांच्या बाजूने केंद्राबरोबर गेले, आणि विरोधात राहिलेल्या न्यायमूर्ती ओ’कॉनर यांनी लिहिले की आपण कॅलिफोर्नियाच्या मतदार असतो तर गांजाच्या त्या प्रस्तावाला मत दिले नसते, पण तो ठरवण्याचा अधिकार कॅलिफोर्नियाचा होता.